एंजल माशाची पिल्लं जगवताना

घरच्या टाकीत एंजलची जोडी जमली, की आज ना उद्या ती अंडी घालतेच. फिल्टरच्या नळीवर किंवा एखाद्या रुंद पानावर राजगिऱ्याच्या दाण्यांसारखी अंडी ओळीने चिकटलेली दिसतात आणि आईबाप पंखांनी त्यांना वारा घालत उभे असतात. घरातले सगळे टाकीभोवती जमतात. पुढे बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. पिल्लं बाहेर येतात, चार दिवस वळवळतात, पोहायला लागतात आणि मग दोन-तीन दिवसांत दिसेनाशी होतात.

ही पिल्लं रोगाने क्वचितच मरतात. ती उपाशी मरतात, नाहीतर घाण पाण्याने मरतात. पोहायला लागलेल्या पिल्लाला पहिल्या चोवीस तासांत तोंडात मावेल असं जिवंत खाद्य लागतं, आणि ते खाद्य तयार व्हायलाच चोवीस तास लागतात. अंडी दिसल्यावर बाजारात धावून उपयोग नसतो. म्हणून या कृतीत खाद्याची तयारी अंड्यांच्या आधी येते.

एंजल हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, सिक्लिड कुळातला. हे कुळ कोकणाला परकं नाही. आपल्या खाड्यांमध्ये मिळणारी काळुंदर याच कुळातली. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० साली तिला सुरत शहरावरून 'सुराटेन्सिस' हे नाव दिलं. केरळात तीच करीमीन. तिलापियाही याच कुळातला. अंडी आणि पिल्लं राखणं हा या कुळाचा स्वभाव आहे. काळुंदरीत आणि एंजलमध्ये हे काम नर-मादी दोघं मिळून करतात. आपण त्यांच्या कामाला हातभार लावायचा आहे, आणि त्यासाठी ते काय करतात हे आधी नीट बघायला हवं.

साहित्य

• जोडीसाठी टाकी : २ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच (सुमारे ८० लिटर)
• पिल्लांसाठी छोटी टाकी : २० ते २५ लिटर, तळाशी वाळू-खडे काही नको
• पुढच्या वाढीसाठी ६० ते ८० लिटरची आणखी एक टाकी
• एअर पंप, नळ्या, एअर स्टोन आणि दोन स्पंज फिल्टर
• बॅटरीवर चालणारा एक एअर पंप
• ५० वॅटचा हीटर आणि थर्मामीटर
• आर्टेमियाची अंडी, हवाबंद डब्यात
• १ लिटरच्या दोन रिकाम्या प्लास्टिक बाटल्या
• जाडं मीठ, खाण्याचा सोडा
• मेथिलीन ब्लू
• ड्रॉपर, पांढरी बादली, दाट विणीचं सुती फडकं
• अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचं किट

कृती

१. पाणी ओळखा

रत्नागिरीतल्या जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. एंजलला असंच पाणी मानवतं. पीएच साडेसहा ते सात असला की पुरे. विहिरीचं पाणी थेट टाकीत ओतू नये. बादलीत एअर स्टोन लावून एक दिवस ठेवावं आणि मग वापरावं. खाडीच्या आणि समुद्राच्या कडेच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा ते पाणी टाळावं. शहरात शीळ धरणाचं पाणी नळाला येतं, त्यात क्लोरीन असतो. तेही हवा सोडून चोवीस तास ठेवावं. पाणी साठवायला तांब्या-पितळेचं भांडं मुळीच वापरू नये. माणसाला सोसणारं तांबं माशाच्या पिल्लाला विष ठरतं.

२. जोडी जमू द्या

दुकानातून 'नर-मादी' म्हणून दोन मासे आणले, तर जोडी जमेलच असं नाही. सहा लहान एंजल एकत्र वाढवावेत. आठ-दहा महिन्यांत त्यांतले दोन मासे टाकीचा एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हुसकावू लागतात. ती तुमची जोडी. अंडी घालायच्या वेळी दोघांच्या पोटाखाली छोटी नळी बाहेर दिसते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. कधी दोन माद्याच जोडी करतात आणि अंडीही घालतात. अशी अंडी दोन दिवसांत सगळीच्या सगळी पांढरी पडतात.

३. अंडी घालायला जागा द्या

एंजल उभ्या किंवा तिरक्या, गुळगुळीत पृष्ठभागावर अंडी घालतो. घरात उरलेली चिनी मातीची टाइल किंवा पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा स्वच्छ धुऊन तिरका उभा करावा. शहाबादी फरशी आणि कडप्पा हाताशी असतात, पण ते दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. मऊ, आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात. चिऱ्याचा तुकडाही नको, त्याची माती सुटत राहते.

जोडीला आठवडाभर चांगलं खायला घालावं आणि दर दोन-तीन दिवसांनी पाव टाकी पाणी बदलावं. अंडी घालायच्या आदल्या दिवशी दोघं मिळून टाइल तोंडाने घासून साफ करायला लागतात. ते दिसण्याआधीच पुढच्या दोन पायऱ्यांची तयारी झालेली असावी.

४. स्पंज आधीच मुरवा

पिल्लांच्या टाकीत बसवायचा स्पंज फिल्टर किमान तीन-चार आठवडे मोठ्या टाकीत चालू ठेवावा. माशांच्या शरीरातून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजात वस्ती करतात. कोऱ्या स्पंजात ही वस्ती नसते. पिल्लांच्या टाकीत कोरा स्पंज लावला तर पाणी दिसायला स्वच्छ आणि प्रत्यक्षात विषारी होतं. हे काम ऐन वेळी उरकता येत नाही.

५. आर्टेमियाची चाचणी घ्या

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला एक बारीक जीव. त्याची अंडी वाळवून डब्यात भरलेली मिळतात. बाटली उलटी करून तिचा तळ कापावा. झाकणाला भोक पाडून त्यातून हवेची नळी आत सोडावी, म्हणजे हवा अगदी खालून वर येईल. फट एम-सीलने बंद करावी.

एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ आणि चिमूटभर सोडा घालावा. रत्नागिरीकरांना याहून सोपा मार्ग आहे : समुद्राचं पाणी. नोव्हेंबर ते मे या काळात मोकळ्या किनाऱ्यावरून भरून आणलेलं पाणी फडक्यातून गाळलं की काम होतं. मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळचं पाणी घेऊ नये, त्यात होड्यांचं तेल असतं. पावसाळ्यात समुद्राचं पाणी गढूळ होतं आणि नद्यांच्या पाण्याने त्याचा खारेपणा घटतो. तेव्हा मिठाचंच पाणी वापरावं.

या पाण्यात आर्टेमियाची अर्धा चमचा अंडी टाकून जोरात हवा सोडावी. वर दिवा लावून ठेवावा. पाणी २८ अंश असेल तर चोवीस तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी पिल्लं खाली, उजेडाच्या बाजूला गोळा होतात. नळीने तेवढीच ओढून घ्यावीत, फडक्यावर गाळावीत आणि गोड्या पाण्याने धुवावीत. खारं पाणी आणि टरफलं माशांच्या टाकीत जाता कामा नयेत. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात.

ही चाचणी एंजलने अंडी घालायच्या आधीच एकदा करून बघावी. डब्यातली अंडी जुनी किंवा ओल धरलेली असतील तर आत्ताच कळेल. कोकणातल्या जून-जुलैच्या दमट हवेत उघडा डबा आठ दिवसांत वाया जातो. आणल्याबरोबर छोट्या पुड्या बांधून हवाबंद बरणीत, फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

६. अंडी वेगळी करायची का, ते ठरवा

पहिल्यांदा अंडी घालणारी जोडी बऱ्याचदा ती खाऊन टाकते. अशा वेळी अंडी वेगळी करणं बरं. जोडी अनुभवी असेल आणि टाकीत दुसरे मासे नसतील, तर आईबापांकडेच ठेवून पाहावं. ते अंडी राखतात, मेलेली अंडी वेचतात, वळवळणारी पिल्लं तोंडात धरून एका जागेवरून दुसरीकडे नेतात. हे पाहायला मिळणं ही या छंदातली फार मोठी गोष्ट आहे.

डिस्कस आणि आपल्याकडचा नारिंगी क्रोमाइड या याच कुळातल्या माशांच्या बाबतीत मात्र घाई करू नये. त्यांची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टोचून खातात. डिस्कसच्या पिल्लांचं तर ते पहिलं अन्नच आहे. ती आईबापांपासून तोडली तर जगवणं फार कठीण जातं. एंजलच्या पिल्लांना याची गरज नसते, म्हणून त्यांची अंडी हलवता येतात.

७. अंडी हलवा

छोट्या टाकीत जोडीच्याच टाकीतलं पाणी भरावं. पाण्याची उंची सात-आठ इंच पुरे. टाइल उचलताना अंडी हवेत जास्त वेळ राहू देऊ नयेत. पाण्याखालीच भांड्यात घेऊन ते भांडं हलवावं. टाइल पहिल्यासारखीच तिरकी ठेवावी. एअर स्टोन अंड्यांपासून तीन-चार बोटं अंतरावर ठेवावा. बुडबुडे थेट अंड्यांवर आपटू नयेत, पण पाणी त्यांच्यावरून सतत सरकत राहायला हवं. आईबाप पंख हलवून हेच करत असतात.

मेथिलीन ब्लूचे थेंब पाण्याला फिका निळा रंग येईपर्यंत घालावेत. त्याने बुरशी आवरते. हे औषध स्पंजातल्या जिवाणूंनाही मारतं, म्हणून स्पंज फिल्टर अजून या टाकीत आणू नये. टाकीवर थेट ऊन नको. तापमान २७ ते २८ अंश. रत्नागिरीत उन्हाळ्यात हीटर लागत नाही, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लागतो.

८. पहिले सात दिवस बघत राहा

दुसऱ्या दिवशी काही अंडी पांढरी पडलेली दिसतील. ती फळलेली नाहीत. ड्रॉपरने हळूच उचलून टाकावीत, नाहीतर त्यांच्यावरची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. चांगली अंडी मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी असतात. भिंग धरलं तर त्यात काळा ठिपका दिसतो.

साधारण साठ तासांनी टाइलवर थरथर सुरू होते. आधी शेपटी बाहेर येते. पिल्लाच्या डोक्यावर चिकट ग्रंथी असतात, त्यांच्या धाग्याने ते टाइलला लटकून राहतं आणि शेपूट एकसारखं हलवत असतं. पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी असते. पुढचे चार-पाच दिवस तेच त्याचं अन्न. या दिवसांत वरून काहीही घालू नये. घातलं तर ते कुजतं आणि पिल्लं मरतात.

पिल्लं बाहेर आल्यावर रोज एक-दोन लिटर पाणी बदलत निळा रंग घालवावा. रंग पुरता गेला की मुरवलेला स्पंज आणून बसवावा आणि हवा अगदी मंद ठेवावी. अंडी घातल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी आर्टेमियाची पहिली बाटली लावावी. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

९. पहिला घास

सातव्या किंवा आठव्या दिवशी पिल्लं टाइल सोडतात आणि थवा करून पोहू लागतात. निम्म्याहून जास्त पिल्लं आडवी, सरळ पोहताना दिसली की आर्टेमिया द्यावा. ड्रॉपरने थव्याच्या मधोमध थोडासा सोडावा आणि भिंग घेऊन बसावं. पिल्लू थांबतं, अंग एस आकारात वाकवतं आणि झडप घालतं. दहा मिनिटांत आरपार दिसणारं त्याचं पोट नारिंगी होतं. नारिंगी पोट दिसलं म्हणजे ते जेवलं. त्याहून खात्रीची दुसरी खूण नाही.

दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्ध्या तासात संपेल इतकंच द्यावं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो. मग तो तळाशी पडून सडतो. दोन बाटल्या आळीपाळीने लावल्या तर रोज ताजं खाद्य मिळतं. एखाद्या दिवशी आर्टेमिया फसला तर मायक्रोवर्म द्यावेत. शिजवलेल्या ओट्सवर ते घरी वाढवता येतात, म्हणून एक डबी आधीपासून तयार असावी. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून देण्याची पद्धत जुनी आहे, पण त्याने पाणी फार लवकर नासतं. अगदीच नाइलाज झाला तर एक थेंब, आणि तासाभरात तळ साफ.

रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवावा. गडद अंधारात थवा पांगतो, आणि सकाळी एकदम दिवा लागला की पिल्लं बिथरतात.

१०. रोज पाणी बदला

पहिल्या घासाच्या दिवसापासून रोज पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावं. एअर पंपाच्या बारीक नळीने तळाची घाण ओढावी आणि नळीचं दुसरं टोक पांढऱ्या बादलीत सोडावं. ओढली गेलेली पिल्लं पांढऱ्या तळावर लगेच दिसतात आणि ड्रॉपरने परत टाकीत सोडता येतात. नवं पाणी त्याच तापमानाचं असावं आणि नळीला गाठ मारून थेंबाथेंबाने सोडावं. आठवड्यातून दोनदा अमोनिया आणि नायट्राइट तपासावं. दोन्ही शून्यच हवेत. स्पंज तुंबला तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, नळाखाली नाही.

पाण्यावर तेलकट साय दिसली तर कागद टेकवून ती उचलावी. पोहण्याची पिशवी भरायला पिल्लाला वरच्या हवेचा एक घोट लागतो. सायीमुळे तो मिळाला नाही, की ती पिल्लं तळावर पोट घासत राहतात आणि वाढत नाहीत.

११. जागा वाढवा

दोन आठवड्यांनी आर्टेमियासोबत कोरडं खाद्य बारीक भुकटी करून द्यायला सुरुवात करावी. तीन-चार आठवड्यांत वरचा आणि खालचा पंख उंचावतो आणि लांबट पिल्लू एंजलसारखं दिसू लागतं. हीच वेळ मोठ्या टाकीत हलवण्याची. दोन महिन्यांत अंग पाच रुपयांच्या नाण्याएवढं होतं, तेव्हा प्रत्येक पिल्लाला किमान दोन-तीन लिटर पाणी मिळायला हवं.

हा हिशोब आधीच करा. एका वेळी दोनशे-तीनशे अंडी येऊ शकतात. साठ-ऐंशी लिटरच्या टाकीत पंचवीस-तीस पिल्लंच नीट वाढतात. दाटी झाली की पंख आखूड राहतात, वाढ खुंटते आणि एका रात्रीत सगळी टाकी जाते. जेवढ्यांना जागा आहे तेवढीच अंडी हलवावीत, उरलेली आईबापांकडे राहू द्यावीत. वाकड्या कण्याची किंवा कल्ल्यांवर झाकण नसलेली पिल्लं पुढे जोडीसाठी वापरू नयेत.

कोकणातल्या अडचणी

वीज. पावसाळ्यात लाइट जाते आणि कधी दिवसभर येत नाही. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. बॅटरीचा पंप आणि जादा सेल घरात असलेच पाहिजेत. वीज नसताना खाद्य देऊ नये. भुकेलं पिल्लू काही तास काढतं, सडलेल्या पाण्यात ते काढत नाही. पंपही नसेल तर मगाने टाकीतलंच पाणी उचलून थोड्या उंचीवरून हळू परत सोडावं, दर पंधरा मिनिटांनी. पहिल्यांदाच पिल्लं वाढवणाऱ्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरचा मुहूर्त धरावा. पाऊस सरलेला असतो, पाणी उबदार असतं आणि समुद्राचं पाणीही निवळू लागलेलं असतं.

डासांची औषधं. कॉइल, लिक्विड, स्प्रे या सगळ्यांत पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं असतात. माणसाला सोसणारी त्यांची मात्रा माशांना घातक ठरते. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पिल्लांच्या खोलीत मच्छरदाणीच लावावी.

आंब्याची फवारणी. हापूसच्या पालवी-मोहरावर तुडतुड्यांसाठी मारली जाणारी डेल्टामेथ्रिनसारखी औषधं त्याच वर्गातली. बागेत फवारणी चालू असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात, उघडी विहीर झाकावी, त्या दिवशी पाणी बदलू नये आणि फवारणी करून आलेल्या माणसाने साबणाने आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालू नये.

शंका राहिली तर विचारायला जागा जवळच आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून मत्स्यशास्त्र शिकवत आहे आणि झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. मुलांना घेऊन जा. स्वच्छ पाण्यात वाढलेला मासा कसा दिसतो, हे एकदा बघितलं की घरच्या टाकीत काय कमी आहे ते आपोआप कळतं.

शेवटी एक कळकळीची विनंती. जास्त झालेली पिल्लं दुकानदाराला द्या, शाळेच्या टाकीला द्या, शेजाऱ्याला द्या. पण पऱ्ह्यात, तळ्यात किंवा काजळी नदीत सोडू नका. १९५२ साली मोझांबिक तिलापिया भारतात आणला गेला, तो तळ्यांत-नद्यांत पसरला आणि आजतागायत कुणाला तो परत काढता आलेला नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या नद्यांत असे मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. टाकीत जन्मलेलं पिल्लू शेवटपर्यंत कुणाच्या तरी टाकीतच राहील, एवढी जबाबदारी घेता येत असेल तरच अंडी वेगळी करा.